नेम डोळ्याचा, चूक बोटाची

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि खाशाबा जाधवांच्या १९५२ मधील हेलसिंकीच्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूच्या नावावर वैयक्तिक ऑलिंपिक पदक लागले. स्वप्नील तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, त्यामुळे दौंडसारख्या रेल्वेच्या गावाला त्याचे कौतुक जरा जास्तच. त्याच्या तीनचार दिवस आधी मनू भाकरने एअर पिस्तूलमध्ये पदक घेतले होते. तेव्हापासून शिरूर आणि दौंड भागातील पालक एक नवा प्रश्न घेऊन येतात. मुलाला पिस्तूल नेमबाजीला घालायचे आहे, पण त्याचा हात थरथरतो, त्यावर काही गोळी आहे का? दुसरीकडे दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ व ७ आहेत, नानवीजला दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. वार्षिक गोळीबार सरावाच्या आधी चाळिशीतले जवानही विचारतात की डॉक्टर, नजर कमी झाली म्हणून नेम जातो का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. पिस्तुलाचा नेम बहुतेक वेळा थरथरीने जात नाही, नजरेनेही जात नाही. तो जातो चाप ओढताना, तर्जनीबरोबर सगळा हात हलतो म्हणून. रायफलला खांद्याचा, गालाचा आणि दुसऱ्या हाताचा आधार असतो. एअर पिस्तूल मात्र नियमाप्रमाणे एकाच हाताने, मनगटाला कसलाही आधार न देता धरायचे असते. म्हणजे सगळा भार त्या पाच बोटांच्या समजूतदारपणावर. हे प्रकरण शरीरशास्त्राचे असल्याने या सदरात घेण्यास हरकत नाही.

थरथर किती, तिरकेपणा किती

एअर पिस्तूलचे लक्ष्य १० मीटरवर असते. त्यातील दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे, साधारण सदऱ्याच्या बटणाएवढे. सबंध काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा. आता समजा, हात थरथरून सबंध पिस्तूल एक मिलिमीटर डावीकडे सरकले, पण त्याची दिशा सरळच राहिली. छर्रा लक्ष्यावरही एक मिलिमीटरच डावीकडे लागेल. दहा गुण जागेवर. पण पिस्तूल न सरकता नुसते वळले, पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर? या दोन साइटमधील अंतर सुमारे ३० ते ३५ सेंटिमीटर असते आणि लक्ष्य १० मीटरवर. हिशेब केला तर छर्रा तीनएक सेंटिमीटर बाजूला जातो, म्हणजे थेट काळ्या भागाच्या कडेला. दहाचे सात.

शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. फवारणी करताना हात वीतभर बाजूला गेला तर औषधही वीतभरच बाजूला पडते. पण नोझल हातातल्या हातात जरा फिरली की फवारा शेजारच्या सरीवर.

म्हणून थरथरीला घाबरायचे कारण नाही. जिवंत माणसाचा हात थरथरतोच. सेकंदाला आठ ते बारा कंपने ही निरोगी स्नायूंची खूण आहे. पदकविजेत्यांचा हातही स्थिर नसतो, फक्त त्यांच्या हाताचे डोलणे लहान असते आणि ते डोलत असताना चाप सरळ मागे येतो. नवशिक्याचे उलट होते. साइट बरोबर मध्यावर आली की तो ‘आत्ता!’ म्हणून चापाला हिसका देतो. तेवढ्यात पिस्तूल वळते.

बोटात स्नायू नसतात

एक छोटा प्रयोग करून पाहावा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी तर्जनी वाकवा. बोट वाकते तिकडे, हालचाल जाणवते इकडे. बोट वाकवणारे मुख्य स्नायू बोटात नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात, आणि तेथून दोरीसारख्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीची बोटे इकडे आणि दोऱ्या तिकडे, तसेच. मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या दोऱ्या एकमेकींत बऱ्याच गुंतलेल्या असतात. नुसती अनामिका वाकवून पाहा, शेजारची बोटे मागोमाग येतात. तर्जनीला निसर्गाने त्या मानाने बरेच स्वातंत्र्य दिले आहे, पण पूर्ण नाही. घाईत, भीतीत किंवा जोर लावताना मेंदू ‘एक बोट वाकव’ असा हुकूम न देता ‘मूठ आवळ’ असा हुकूम देतो. लाखो वर्षे आपण फांदी, दगड, दोर पकडला, चाप नव्हे. त्यामुळे ही सवय मोडायला सराव लागतो.

जोराचा हिशेबही लक्षात घ्यावा. एअर पिस्तूलचा चाप किमान ५०० ग्रॅम भार सोसेल असा असावा, असा नियम आहे. पिस्तुलाचे वजन जास्तीत जास्त दीड किलो, बहुधा किलोभरच. म्हणजे किलोभर वस्तू हवेत धरून तिला अर्धा किलो साखरेच्या पुडीइतका जोर मागे लावायचा आणि ती वळू द्यायची नाही. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात चापाला किमान १००० ग्रॅम लागतात. सेवेतील अनेक पिस्तुलांत तर चापाला लागणारा जोर शस्त्राच्या वजनाहून जास्त असतो. इतका जोर सरळ मागे न जाता जरासा बाजूला गेला तरी पिस्तुलाचे तोंड फिरणारच.

मूठ कशी धरावी

पिस्तूल डाव्या हाताने उजव्या हातात बसवावे, झडप घालून उचलू नये. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला शक्य तेवढी वर, घट्ट टेकावी. नळी, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात वरून पाहता एका रेषेत यावेत. ही रेष मोडली की धक्का बाजूला जातो आणि मनगट दर वेळी वेगळे वागते.

पकडीचा खरा जोर मधले बोट आणि अनामिका यांचा, तोही सरळ मागे, तळहाताच्या दिशेने. हे दोघे आणि तळहात मिळून जणू पक्कड. करंगळी नुसती सोबतीला. अंगठा आपला पडून राहावा. तो दाबायला लागला की पिस्तूल वळलेच म्हणून समजा. जोर किती? ओळखीच्या माणसाशी मोकळेपणाने हस्तांदोलन करतो तेवढा. आणखी एक युक्ती प्रशिक्षक सांगतात ती मला फार पटते. मूठ हळूहळू आवळत जा, हात थरथरू लागेल. तेथून जरा सैल करा, थरथर थांबेल. ती तुमची पकड. मात्र सुरुवातीच्या गोळीला ती जेवढी होती तेवढीच साठाव्या गोळीला राहिली पाहिजे, आणि चाप ओढतानाच्या त्या दोन सेकंदांत तर तिच्यात तिळभर फरक पडता कामा नये. पकड थोडी कमीजास्त असली तरी चालेल, ती बदलणे चालत नाही.

धक्का देणाऱ्या ९ मिलिमीटर पिस्तुलाला दोन्ही हात लागतात. तेथे डाव्या हाताने मोकळी जागा भरून काढायची आणि पकडीचा बराचसा भार त्यानेच उचलायचा, म्हणजे उजव्या हाताची तर्जनी मोकळी राहते. इतर तपशील त्या त्या शस्त्राप्रमाणे आणि खात्याच्या उस्तादाप्रमाणे. त्यात डॉक्टरने लुडबुड करू नये.

चापावर कोणते पेर

तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी, म्हणजे अंगठ्याचा ठसा देताना शाईत जो भाग बुडतो तसला बोटाचा भाग, तिचा मध्य चापावर यावा. याला कारण आहे. बोटाच्या या गादीत स्पर्शाचे मज्जातंतू दाटीने असतात. चाप किती दबला, पहिला टप्पा संपून दुसऱ्याची भिंत कधी लागली, हे तिला कळते. सांध्याच्या घडीला ते तितके कळत नाही. शिवाय याच जागी जोर सरळ मागे लावणे सर्वांत सोपे जाते.

उजव्या हाताच्या नेमबाजाने बोटाचे नुसते टोक लावले तर चाप बाजूला ढकलला जातो आणि गोळ्या डावीकडे सरकतात. बोट फार आत, सांध्यापर्यंत घातले तर ते ओढले जाते आणि गोळ्या उजवीकडे जातात. सगळ्या गोळ्या डावीकडे खाली साठत असतील तर बोटाची जागा बरोबर असूनही मूठ आवळली जात आहे, किंवा धक्क्याच्या भीतीने मनगट आधीच खाली झुकते आहे. डावखुऱ्याने दिशा उलट धराव्यात. हे ठोकताळे आहेत, पंचांग नव्हे. साइट बिघडलेली असली तरी गोळ्या एका बाजूला जातात, म्हणून आधी प्रशिक्षकाकडून दोन फैरी मारून घ्याव्यात.

बोट वाकते ते मधल्या सांध्यातून. मुळाचा भाग शक्य तो स्थिर राहावा आणि तो पिस्तुलाच्या मुठीला घासू नये. तेथे वहीचे पान सरकेल एवढी फट असावी. लहान हाताच्या मुलामुलींना मोठी मूठ दिली की ही फट राहत नाही आणि बोट चापापर्यंत पोचत नाही. मग ते पोर सबंध हात फिरवून चाप गाठते. अशा वेळी मुलाला रागावण्याऐवजी मूठ तासून घ्यावी किंवा बदलून घ्यावी. चांगल्या एअर पिस्तुलांत लहान, मध्यम, मोठी अशा मापांच्या लाकडी मुठी मिळतात, चापही पुढेमागे सरकवता येतो. बुटाचे माप घेतो तसे हेही घ्यायचे.

आणि नेम धरून मनाने तयार होईपर्यंत तर्जनी चापावर नव्हे, बाहेर, सरळ. पिस्तूल रिकामे आहे हे स्वतः पाहिले असले तरीही.

एन.सी.सी.च्या आणि पोलिसांच्या कवायतीच्या हिंदीत नेम धरण्याला ‘शिस्त लेना’ म्हणतात. मला हा शब्द आवडतो. घरी सरावासाठी गोळीही लागत नाही. प्रशिक्षकाच्या परवानगीने, एअर पिस्तुलाला कोरड्या सरावाची सोय असेल तर पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून रोज पंधरावीस मिनिटे नुसता चाप ओढावा आणि चाप सुटताना पुढची साइट हलली का एवढेच पाहावे. भिंतीवर लक्ष्य नसल्याने मन ‘आत्ता!’ म्हणत नाही. महिनाभरात फरक दिसतो.

नजर, श्वास आणि चहा

जवानांच्या प्रश्नाकडे येऊ. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. पिस्तुलात तो पुढच्या साइटवर ठेवायचा, लक्ष्य धूसर दिसले पाहिजे. चाळिशीनंतर हातभर अंतरावरची वस्तू अंधुक होते, आणि नेमकी पुढची साइट तेथेच असते. चष्मा करताना ‘वाचायला हवा’ एवढेच न सांगता, हात लांब करून ते अंतर चष्मेवाल्याला दाखवावे. बहुतेकांचे तेवढ्याने भागते.

श्वास अर्धा सोडून थांबावे. सहा ते आठ सेकंदांत चाप सुटला तर ठीक, नाही तर हात खाली घ्यावा. श्वास त्याहून जास्त रोखला की नजर मंदावते, थरथर वाढते, आणि ‘आता आलोच आहोत तर मारून टाकू’ ही वृत्ती बळावते. पिस्तूल खाली घेणे हे मुलांना शिकवायला सर्वांत अवघड काम. स्पर्धेत ६० गोळ्यांना सव्वा तास मिळतो. घाई कसली?

सरावाच्या आधीचा कडक चहा, तंबाखू, जागरण आणि रिकामे पोट ही चारही थरथर वाढवतात. दम्याचा पंप घेतल्यावर काहींचा हात काही वेळ कापतो. हात विश्रांतीत असतानाही कापत असेल, वजन उतरत असेल, छाती धडधडत असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. तो नेमबाजीचा प्रश्न राहत नाही.

आता ती ‘गोळी’. थरथर कमी करणारे औषध आहे. प्रोप्रॅनोलॉल आणि त्या वर्गातील इतर औषधे नाडी मंद करतात व कंप घटवतात. रक्तदाब, अर्धशिशी, थायरॉइड अशा आजारांत ती सर्रास दिली जातात. पण नेमबाजीत त्यांना बंदी आहे, स्पर्धेच्या दिवशीच नव्हे तर एरवीही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याच्या तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडले आणि पिस्तुलातील एक रौप्य व एक कांस्य अशी दोन पदके काढून घेतली गेली. तेव्हा पालकांनी मेडिकलच्या दुकानातून कोणाच्या सांगण्यावरून अशी गोळी आणून देऊ नये. दम्याच्या मुलाला तर ती धोक्याची आहे. आणि ज्याला आजारासाठी ती खरोखर चालू आहे त्याने परस्पर बंद करू नये. आपण नेमबाजी करतो हे डॉक्टरला आधीच सांगावे, पर्यायी औषधे असतात.

हात राखला तर नेम

किलोभर वजन हात लांब करून साठ वेळा आणि सरावाचे धरून शंभर वेळा उचलणे ही मजुरीच आहे. तिचा ताण खांद्यावर, कोपराच्या बाहेरच्या हाडावर आणि कमरेवर येतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चँगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण घेतले. पिस्तुलात विश्वचषकाचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. पुढे कोपराच्या दुखापतीने तिला बराच काळ बाजूला बसावे लागले, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने पुन्हा सुवर्ण जिंकले. कोपर दुखत असताना ‘सरावाने जाईल’ म्हणून रेटू नये. दोनतीन आठवडे विश्रांती आणि मग हळूहळू व्यायाम, हा मार्ग लांबचा वाटला तरी जवळचा आहे. दुसऱ्या हातानेही तितकाच व्यायाम करावा, नाही तर वाढत्या वयाच्या मुलांचा एक खांदा खाली आणि एक वर होतो.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत असतील तर मनगटात शीर दबत असण्याची शक्यता असते. मधुमेह्यांच्या बोटांची संवेदना कमी होते. तर्जनीच्या गादीला चाप जाणवत नसेल तर कितीही सराव व्यर्थ.

हात गमावूनही नेम राखणारी माणसे आहेत, हेही सांगतो. हंगेरीच्या कारोली ताकाच याचा उजवा हात १९३८ मध्ये लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून निकामी झाला. तो डाव्या हाताने शिकला आणि १९४८ मध्ये लंडनला रॅपिड फायर पिस्तूलचे सुवर्ण जिंकला. १९५२ मध्ये हेलसिंकीला पुन्हा सुवर्ण, म्हणजे आपल्या खाशाबांनी कुस्तीत कांस्य घेतले त्याच ऑलिंपिकमध्ये.

‘ट्रिगर फिंगर’ नावाचा आजार

नावामुळे हा आजार नेमबाजांचा वाटतो, तसा तो नाही. तळहातात बोटाच्या मुळाशी कंडरा एका कड्यातून सरकते. ते कडे जाड झाले किंवा कंडरेवर गाठ आली की बोट वाकल्यावर अडकते आणि सरळ करताना पिस्तुलाचा चाप सुटावा तसे खट्‌कन उघडते. सकाळी त्रास जास्त. बहुधा अनामिकेला किंवा अंगठ्याला होतो. मधुमेही आणि चाळिशीपुढच्या स्त्रियांत जास्त दिसतो, आणि छाटणीची कात्री किंवा इतर हत्यारे दिवसभर घट्ट धरणाऱ्यांतही आढळतो.

अडकलेले बोट दुसऱ्या हाताने ओढून ‘मोकळे’ करू नये, चोळूही नये. विश्रांती, रात्री बोटाला पट्टी, आणि जरूर पडल्यास कड्यात स्टिरॉइडचे एक इंजेक्शन, यावर बहुतेकांचे भागते. न भागल्यास भूल फक्त तळहातापुरती देऊन कडे मोकळे करण्याची छोटी शस्त्रक्रिया आहे, त्याच दिवशी घरी जाता येते. स्पर्धा खेळणाऱ्याने येथेही सावध राहावे. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टिरॉइडच्या सगळ्या इंजेक्शनांना बंदी आहे, सांध्यात किंवा बोटात दिले तरीही. स्पर्धेची तारीख डॉक्टरला सांगूनच इंजेक्शन घ्यावे.

कान आणि शिसे

९ मिलिमीटर पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि तो एकाच फैरीत कान कायमचा बिघडवू शकतो. कापसाचे बोळे पुरत नाहीत. कानात बसणारे प्लग किंवा वरून लावायचे मफ लागतात, आणि ते फैर झाडणाऱ्याबरोबर शेजारी उभ्या असलेल्यालाही हवेत. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर पुढच्या सरावाच्या आधी कान तपासून घ्यावा.

एअर पिस्तुलाचे छर्रे शिशाचे असतात. मुले ते ओठांत धरून एकेक भरताना दिसतात, ती सवय पहिल्याच दिवशी मोडावी. रेंजवर डबा उघडू नये. हात साबणाने धुऊन मगच खावे, थंड पाण्याने आणि नखांच्या खाचांसकट.